प्रकाशनापूर्वीचे पंधरा दिवस

पुस्तक प्रसिद्ध होण्यापूर्वीचे काही आठवडे हा लेखकाच्या आयुष्यातील मोठ्या हुरहुरीचा काळ समजला जातो. हस्तलिखित छापखान्यात गेलेले असते, मुद्रिते तपासून परत धाडायची असतात, मुखपृष्ठावरून प्रकाशकाशी पत्रव्यवहार चाललेला असतो आणि प्रस्तावना एखाद्या मान्यवराकडे अडकून पडलेली असते. पुढे समारंभाचा दिवस ठरतो, पाहुणे ठरतात, परीक्षणे कोण लिहील याची चर्चा होते. परंतु मराठीत एक लेखक असा होऊन गेला की, त्याच्या वाट्याला असे निवांत हुरहुरीचे आठवडे येणे शक्यच नव्हते. त्याचे अवघे लेखक-आयुष्यच पुढच्या पुस्तकापूर्वीच्या आठवड्यांचे बनलेले होते. हा लेखक म्हणजे रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर.

त्यांच्या नावावर एक हजाराहून अधिक रहस्यकथा जमा आहेत आणि या विक्रमाची नोंद गिनीज बुकाने घेतली. हजार हा आकडा उच्चारायला सोपा आहे. तो कालावधीत मांडून पाहिला म्हणजे त्याचे खरे वजन कळते. ही पुस्तके पन्नास वर्षांत सारखी वाटून दिली, तरी वर्षाला वीस होतात. म्हणजे एका पुस्तकाला अठरा दिवस. चाळीस वर्षांत वाटली, तर वर्षाला पंचवीस आणि एका पुस्तकाला जेमतेम पंधरवडा. या पंधरवड्यात कथानक रचायचे, माणसे उभी करायची, खून पाडायचा, संशय चार दारांवर फिरवून आणायचा, शेवटी गुन्हेगाराला प्रकाशात आणायचे आणि लगेच नव्या कागदावर नवे नाव घालायचे. ज्या आठवड्यांत इतर लेखक मुद्रिते वाचतात, त्या आठवड्यांत या लेखकाचे पुढचे पुस्तक अर्धे झालेले असावे लागे.

चष्म्याच्या दुकानातील लेखक

बाबूराव अर्नाळकर हे टोपणनाव होय. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म ९ जून १९०६ चा. अर्नाळा हे वसई तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. समोर पाण्यात जलदुर्ग उभा आहे. त्या गावाचे नाव या टोपणनावाने महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात नेले. आमच्या वऱ्हाडात ज्यांनी समुद्र कधी पाहिला नाही, अशा कित्येकांना अर्नाळा हा शब्द प्रथम परिचित झाला तो एका फाटक्या मुखपृष्ठावरून.

चव्हाणांचे मुंबईत चष्म्यांचे दुकान होते. ही बाब चरित्रातील एक गमतीचा तपशील म्हणून सांगितली जाते. पण अर्थव्यवहाराच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. मराठीत केवळ लेखणीवर संसार चालविणे तेव्हा जवळजवळ अशक्यच होते. कोणी शिक्षक होता, कोणी कारकून, कोणी वकील, कोणी संपादक. या लेखकाने दुकान चालविले. दुकानदाराला काही गोष्टी आपोआप कळतात: गिऱ्हाईक ठरल्या वेळी येते, त्याला ठरल्या वेळी माल मिळाला पाहिजे, माल मिळाला नाही, तर ते पलीकडच्या दुकानात जाते. साहित्याच्या सभामंडपात हा विचार हीन मानला जातो. अर्नाळकरांच्या लेखनाची शिस्त मात्र याच विचाराशी जुळणारी होती. वाचकाला पुढचे पुस्तक ठरावीक मुदतीत हवे असते, हे त्यांनी ओळखले आणि आयुष्यभर ते वेळेवर पुरविले.

रहस्याची आवड त्यांनी मराठीत नव्याने आणली, असे मात्र नव्हे. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या आधारे लिहिलेल्या 'कालिकामूर्ती', 'बंधुद्वेष' यांसारख्या कादंबऱ्यांनी एक पिढी आधीच जागविली होती. नाथमाधवांनी अद्भुताला इतिहासाचा पेहराव चढविला होता. प्रतिष्ठित साहित्यालाही या आवडीचे वावडे नव्हते. खामगाव आणि जळगाव जामोद येथे वकिली करणाऱ्या आमच्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या नाटकांची 'गुप्तमंजूष' आणि 'जन्मरहस्य' ही नावे पाहावीत. वेषांतर, लपविलेले कुळ, उशिरा उलगडणारी ओळख या गोष्टी मराठी प्रेक्षकाने रंगभूमीवर मिटक्या मारीत पाहिल्या होत्या. अर्नाळकरांनी ही आवड राजवाड्यांतून आणि गुहांतून बाहेर काढली व मुंबईच्या रस्त्यावर आणून सोडली. मोटारी, दूरध्वनी, पेढ्या, बंगले, बंदराचे धक्के आणि पोलीस चौक्या यांची मुंबई रहस्यकथेत नांदू लागली ती मुख्यतः त्यांच्या हातून.

त्यांचे नायक वाचकांना घरच्या माणसांसारखे ठाऊक झाले. झुंजार, त्याची पत्नी विजया आणि साथीदार नेताजी, काळापहाड, गुन्ह्याचा माग काढणारा धनंजय आणि त्याचा सहायक छोटू. धनंजय हा बुद्धीने कोडे सोडविणारा गुप्तहेर. झुंजार आणि काळापहाड यांची जात वेगळी. ते कायद्याच्या चौकटीबाहेर उभे राहतात. पण लुबाडतात ते लुबाडणाऱ्यांनाच. इंग्रजी रहस्यकथांचे ऋण या लेखनावर उघड होते आणि टीकाकारांनी त्याकडे बोट दाखविलेही. तथापि परक्या मुलखातील सांगाडा घेऊन त्यावर इतकी मराठी माणसे, इतकी वर्षे, वाचकाला कंटाळा येऊ न देता चालविणे ही केवळ उचलेगिरीने साधणारी गोष्ट नव्हे. ज्यांनी उचलेगिरीच केली, अशांची नावे आज कोणाला आठवत नाहीत.

लंडनमधील एक जुगार

या जातीच्या लेखनाचा धंदा कसा चालतो, हे समजण्यासाठी इंग्रजी रहस्यकथेचा अग्रणी एडगर वॉलेस याच्या आयुष्यातील एक प्रसंग पाहण्यासारखा आहे. वॉलेसचा जन्म १८७५ चा. अनौरस म्हणून जन्मलेला हा मुलगा लंडनच्या मासळीबाजारात हमाली करणाऱ्या एका कुटुंबाने वाढविला. बाराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली. लुडगेट सर्कसच्या चौकात त्याने वर्तमानपत्रे विकली, पुढे लष्करात शिरला, दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धाच्या बातम्या पाठवून नाव कमावले आणि लंडनला परतून 'डेली मेल'मध्ये नोकरी धरली.

१९०५ साली त्याने 'फोर जस्ट मेन' ही कादंबरी लिहिली. कथेत ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्याचा बंद खोलीत मृत्यू होतो. तो कसा घडविला गेला, याचा उलगडा वॉलेसने पुस्तकातून मुद्दाम वगळला आणि अचूक उत्तर देणाऱ्या वाचकांसाठी एकूण पाचशे पौंडांची बक्षिसे जाहीर केली. प्रकाशनसंस्थाही त्याने स्वतःच काढली. प्रकाशनापूर्वीचे आठवडे त्याने जाहिरातीत घालविले: वर्तमानपत्रांत, भिंतींवर, बसगाड्यांवर सर्वत्र या पुस्तकाचे नाव झळकू लागले. जाहिरातीचा खर्च दोन हजार पौंडांच्या घरात गेला. पुस्तक खपले, भरपूर खपले. अडतीस हजारांच्या आसपास प्रती गेल्या. पण बक्षिसाच्या नियमांत प्रत्येक क्रमांकाचा विजेता एकच असेल, हे कलम घालायला हा कल्पक माणूस विसरला. अचूक उत्तरे पाठविणारे अनेक निघाले आणि प्रत्येकाला पूर्ण रक्कम देण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. विजेत्यांची यादी जाहीर होईना, तेव्हा लोक कुजबुजू लागले. अखेर आपल्या पत्राची अब्रू वाचविण्यासाठी मालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांना पदरचे पैसे उसने द्यावे लागले. खपाच्या दृष्टीने यशस्वी झालेल्या पुस्तकाने लेखकाला कर्जात बुडविले आणि त्या पुस्तकाचे हक्क त्याला पुढे क्षुल्लक रकमेला विकावे लागले.

वॉलेस यातून बराच शिकला, पण सारे शिकला नाही. पुढे तो तोंडी मजकूर सांगून आठवडाभरात कादंबऱ्या उरकू लागला. १९२१ नंतर मोठ्या प्रकाशकाशी नीट करार होऊन स्वामित्वधन मिळू लागले. तसा घोड्यांच्या शर्यतीवरील खर्चही वाढला. १० फेब्रुवारी १९३२ रोजी 'किंग काँग' या चित्रपटाच्या कामासाठी हॉलिवूडमध्ये असताना तो वारला, तेव्हा मागे प्रचंड कर्ज होते. परंतु पुस्तकांवरील स्वामित्वधनाचा ओघ चालू राहिला आणि दोनेक वर्षांत ते कर्ज फिटले. लेखक मेल्यावर त्याच्या पुस्तकांनी त्याचे देणे फेडले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अर्नाळकरांच्या आयुष्यात असा जुगार दिसत नाही. बारीक अक्षर वाचता यावे म्हणून लोकांना भिंगे पुरविणारा हा माणूस लेखनातही मोजून मापून चालला. तथापि वॉलेसच्या कथेतून निघणारा प्रश्न मराठीलाही लागू आहे. पुस्तक वाचकांच्या हातोहात फिरते, तेव्हा त्या फिरण्याचे मोल कोणाच्या पदरात पडते?

वऱ्हाडातील वाचक

या प्रश्नाचे उत्तर शोधायला वऱ्हाडाइतके चांगले ठिकाण नाही. अमरावती आणि अकोला हे कापसाचे मुलूख. पैसा हाती यायचा तो दिवाळीनंतर, कापूस बाजारात आला म्हणजे. बाकीचे आठ महिने काटकसरीचे. पुस्तक विकत घेणे ही या काटकसरीत न बसणारी चैन होती. म्हणून वऱ्हाडातील रहस्यकथा मुख्यतः भाड्याने वाचली गेली. अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय किंवा अमरावतीचे नगर वाचनालय यांसारख्या जुन्या संस्था होत्याच. त्यांच्या जोडीला बाजारपेठेच्या गल्लीत, एखाद्या किराणा दुकानाच्या कडेला, दोन फळ्यांवर मांडलेली खासगी वाचनालये होती. थोडी अनामत भरावी, मासिक वर्गणी द्यावी आणि रोज एक पुस्तक बदलून न्यावे. वर्गणी वसूल व्हायची ती जाड ग्रंथांनी नव्हे; एका रात्रीत संपणाऱ्या या पुस्तकांनी.

रेल्वेचाही यात वाटा होता. मुंबईहून नागपूरला जाणारा लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्थानके जोडीत गेला आणि बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा आला. फलाटावरच्या पुस्तकांच्या गाड्यावर रहस्यकथा लटकत. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी, आता बंद पडलेली शकुंतला ही छोटी गाडी तर अशा वाचनासाठीच घडविली होती की काय, असे वाटावे इतकी संथ चाले. शंभर किलोमीटरही नसलेल्या अचलपूरच्या वाटेला चार-चार तास लागत. तेवढ्या वेळात एक रहस्य उलगडून पुस्तक शेजारच्या उतारूच्या हाती जाऊ शके.

हे वाचक कोण होते? पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढील दशकांत तिच्या शाळा-महाविद्यालयांतून कुणब्या-माळ्यांची, कारागिरांची, शेतमजुरांची मुले शिकून बाहेर पडली. यांतील असंख्य घरांत त्यापूर्वी पोथीखेरीज पुस्तक नव्हते. पाठ्यपुस्तक वाचायचे ते परीक्षेसाठी. पोथी वाचायची ती पुण्यासाठी. स्वतःच्या आवडीने, कोणी सांगितले नसताना, किंबहुना मास्तरांनी आणि वडिलांनी बंदी घातली असताना, पुस्तक हाती धरणे ही वेगळीच घटना आहे. तेथे वाचन ही सवय बनते. अनेकांच्या बाबतीत हे पहिले पुस्तक अर्नाळकरांचे होते. भूगोलाच्या पुस्तकात घालून ते वाचले गेले, कंदिलाच्या उजेडात वाचले गेले, पहिली व शेवटची पाने गळून गेल्यावरही वाचले गेले. गुन्हेगार कोण, हे शेवटच्या पानाअभावी कळले नाही, तर मित्राला विचारून घेतले गेले.

पुढे हेच वाचक शिक्षक झाले, तहसील कचेरीत आणि बँकेत कारकून झाले, काही प्राध्यापक झाले. मर्ढेकर, गाडगीळ, नेमाडे यांच्यापर्यंत त्यांतील काही पोचले. पोचल्यावर मात्र बहुतेकांनी पहिल्या पायरीचा उल्लेख टाळला. मराठी वाङ्मयेतिहासानेही तेच केले. दहा-वीस कवितांच्या कवीला जेथे दोन पाने मिळतात, तेथे हजार पुस्तकांच्या या लेखकाला एखादी ओळ पुरे वाटली. वाङ्मयीन गुणवत्तेचा निवाडा समीक्षकांनी करावा, त्याबद्दल वाद नाही. पण वाचक घडविण्याचे काम हाही वाङ्मयाच्या इतिहासाचाच भाग होय आणि ते काम ज्याने केले त्याची नोंद गुणवत्तेच्या निकषावर पुसून टाकता येत नाही.

हिशेबातील तूट

आता अर्थकारणाकडे वळू. मराठीतील खपाऊ पुस्तकांच्या व्यवसायात पुस्तकामागे एकरकमी मानधन देण्याची पद्धत पुष्कळ रूढ होती. अशा पद्धतीत लेखक हा नगावर काम करणाऱ्या विणकरासारखा असतो. ठाण खपले काय, न खपले काय, त्याची मजुरी ठरलेली. जास्त मिळवायचे, तर जास्त विणले पाहिजे. लेखकाने पंधरवड्याला पुस्तक का लिहावे, याचे एक उत्तर वाचकाच्या भुकेत आहे, तसे दुसरे या पद्धतीत आहे. स्वामित्वधन मिळणारा लेखक एका चांगल्या पुस्तकावर थांबू शकतो. एकरकमी लेखकाला थांबणे परवडत नाही.

स्वामित्वधन मिळाले, तरी वाचनालयाच्या दाराशी तेही संपते. एका प्रतीचे पन्नास वाचक झाले, पानागणिक डिंक लावून ती शंभरांपर्यंत पोचली, तरी लेखकाच्या हिशेबी ती एकच प्रत. वाचनालयाला वर्गणी मिळते, वाचकाला आनंद मिळतो. लेखकाला पहिल्या विक्रीनंतर काही मिळत नाही. वऱ्हाडात, जेथे बहुतेक वाचन भाड्याचे होते, तेथे ही तूट किती मोठी असेल याची कल्पना करावी. ही तूट भरून काढण्याचा मार्ग काही देशांनी शोधला आहे. डेन्मार्कने १९४६ पासून वाचनालयांतील पुस्तकांबद्दल लेखकांना सरकारी निधीतून मोबदला देण्यास आरंभ केला. ब्रिटनने तसा कायदा १९७९ मध्ये केला आणि तेथे पुस्तक किती वेळा वाचायला नेले गेले, यावरून लेखकाची रक्कम ठरते. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालय कायदा करून वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला, हे चांगलेच झाले. पण त्या अनुदानात लेखकाचा हिस्सा नाही. असा हिस्सा असता, तर अर्नाळकरांचे नाव त्या यादीत कोठे असते, हे सांगायला गणिताची गरज नाही.

सत्तरीच्या दशकात गुरुनाथ नाईक यांच्यासारखे नवे रहस्यकथाकार आले आणि त्यांनीही शेकड्यांनी पुस्तके लिहिली. ऐंशीच्या दशकात दूरचित्रवाणी वऱ्हाडातील घराघरांत शिरू लागली. रात्रीचा जो तास पुस्तकाचा होता, तो पडद्याचा झाला. फळ्यांवरची वाचनालये एकामागून एक मिटली आणि त्यांतील पुस्तके रद्दीच्या तराजूत गेली. अर्नाळकरांनी आपल्या वाचकांचा उत्कर्ष पाहिला, तसा त्यांचा पांगही पाहिला. ५ जुलै १९९६ रोजी, वयाची नव्वद वर्षे पूर्ण करून, ते निवर्तले.

भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या लेखनाचे हक्क टिकतात; म्हणजे अर्नाळकरांच्या पुस्तकांचे हक्क २०५६ सालाच्या अखेरपर्यंत अबाधित आहेत. विरोधाभास असा की, कायद्याने ज्या मालमत्तेला इतके दीर्घ संरक्षण दिले, ती मालमत्ताच डोळ्यांदेखत नाहीशी होत आहे. हलक्या कागदावर छापलेली ती पुस्तके आता बोट लावताच तुटतात. निवडक रहस्यकथांचे पुनर्मुद्रण झाले, त्याला जुन्या वाचकांनी प्रेमाने जवळही केले. पण हजारांपुढे निवडक म्हणजे किती?

येथे वऱ्हाडातील वाचनालयांना एक काम करता येण्यासारखे आहे आणि त्याला मोठा खर्चही नाही. दरवर्षी जीर्ण पुस्तके बाद करण्याची यादी होते. त्या यादीत रहस्यकथा सर्वांत वर असतात, कारण सर्वांत जास्त वाचली गेलेली पुस्तकेच सर्वांत आधी फाटतात. ही पुस्तके रद्दीत घालण्यापूर्वी वेगळी काढावीत. नाव, क्रमांक, प्रकाशक, साल यांची नोंद करावी. मागे चिकटविलेला देवघेवीचा कागद असेल तर तो जपावा. कोणत्या तारखेला पुस्तक गेले आणि कोणत्या तारखेला परत आले, याचे शिक्के त्या कागदावर असतात. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत माणसे वाचायला कशी शिकली, याचा इतका विश्वसनीय पुरावा दुसऱ्या कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. विद्यापीठातील एखाद्या विद्यार्थ्याला तो प्रबंधाचा विषय होऊ शकेल.

अर्नाळकरांनी आयुष्यभर पुढच्या पुस्तकाची मुदत पाळली. त्यांच्या पुस्तकांची यादी पुरी करण्याची मुदत आता वाचकांवर आहे आणि कागदाची अवस्था पाहता ती फार लांबची नाही.